नाटकगृहाचे दार आणि ठरावात हरलेला पुतळा

(अकोट येथे महात्मा फुले व डॉ. बाबासाहेब आंबेडकर संयुक्त जयंतीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही काही विद्वान वक्ते नाही. बँकेच्या काउंटरवर बसून दुसऱ्यांचे जमा-नावे लिहिणे हा आमचा व्यवसाय. बी.ए. झालो, ते इतिहास आणि मराठी या विषयांत, पण पोटापाण्यासाठी आकड्यांची संगत धरावी लागली. त्यामुळे संस्थेने आजच्या दिवशी आम्हांस बोलावयास सांगितले तेव्हा आम्ही बराच वेळ मागेपुढे पाहिले. शेवटी ज्या विषयाने गेले चार महिने आमच्या वस्तीत वाद चालू आहे, त्याच विषयावर बोलण्याचे ठरविले. कोणाला राग आला तर त्यांनी तो आमच्यावर काढावा, संस्थेवर काढू नये.

वाद काय आहे, हे आपणांस ठाऊक आहे. संस्थेच्या निधीत थोडी रक्कम जमली आहे. एक पक्ष म्हणतो, जोतिरावांचा अर्धपुतळा बसवू. दुसरा पक्ष म्हणतो, मुलांसाठी अभ्यासिका आणि एक लहानसे सभागृह बांधू. हिशेब आमच्याकडे असल्यामुळे दोन्ही पक्षांचे लोक आमच्याच ओट्यावर येऊन बसतात. आम्ही पहिल्यापासून सभागृहाच्या बाजूचे. ते लपवीत नाही. परंतु या वादाच्या निमित्ताने आम्ही काही जुनी पाने चाळली, आणि सभागृह व पुतळा या दोन गोष्टी आपल्या चळवळीच्या प्रारंभीच एकमेकींना कशा खेटून उभ्या आहेत, हे पाहून आमचे आम्हालाच नवल वाटले. तेवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम मुंबईकडे चला. परळला दामोदर हॉल नावाचे नाटकगृह होते. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ती वास्तू. गिरणीत बारा-बारा तास राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी चार घटका वाचन मिळावे, नाटक पाहावयास मिळावे, स्वतःला नाटक करावेसे वाटले तर रंगमंच मिळावा, हा तिचा हेतू. गिरणगावच्या कामगार रंगभूमीचे ते माहेरघरच. बाबासाहेब तेव्हा जवळच, पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत राहत होते. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस, पण खोल्या दोन. तेथे माणसे बसवावयाची कोठे आणि पुस्तके ठेवावयाची कोठे?

९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी याच दामोदर हॉलमध्ये सभा बोलाविली. अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्यासाठी एक मध्यवर्ती संस्था असावी की नाही, हा त्या सभेपुढचा प्रश्न. त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मास आली. शिका, चेतवा, संघटित व्हा हे तिचे ब्रीद. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष बाबासाहेब, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर. पुढच्याच जानेवारीत, म्हणजे १९२५ मध्ये, सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. सभेचे कार्यालय दामोदर हॉलमध्येच होते. म्हणजे मित्रांनो, ज्या इमारतीत संध्याकाळी तोंडाला रंग लावून गिरणी कामगार राजा आणि प्रधान होत होता, तिच्याच एका खोलीत दिवसा आपल्या माणसांचे अर्ज लिहिले जात होते!

आता महाड. १९ आणि २० मार्च १९२७. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद कोठे भरली? वीरेश्वर थिएटरात. चवदार तळ्याची हकिकत लहान मुलालाही पाठ आहे, तेव्हा ती सांगत नाही. परंतु एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. त्या परिषदेला आलेल्या आपल्या हजारो माणसांना पिण्यासाठी पाणी गावातील सवर्णांकडून चाळीस रुपयांना विकत घ्यावे लागले होते. वीरेश्वर थिएटरचे दार उघडले, पण पाण्याचे माठ भरून घेण्यासाठी पैसे मोजावे लागले. दुसऱ्या दिवशी मंडळी उठली आणि तळ्यावर गेली, त्याच्या आदल्या रात्रीची ही तहान होती. आम्ही हिशेबाचे माणूस, म्हणून तो चाळीसचा आकडा आमच्या डोक्यातून जात नाही. १९२७ चे चाळीस रुपये! कोणी दिले असतील, कोणत्या गाठोड्यातून सुटले असतील?

तळ्यावरून परत आल्यावर मंडपात जेवणाऱ्या, गावात पांगलेल्या आपल्या माणसांवर काठ्या चालल्या. निमित्त काय, तर ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी उठविलेली आवई. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रह परिषद घ्यावयाची ठरली तेव्हा महाडात आपल्याला कोणी जागा देईना. अखेर फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली आणि तेथे मंडप पडला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, ते त्या जागेवर. मार्चमध्ये थिएटर मिळाले, डिसेंबरात मिळाले नाही. नऊ महिन्यांत एवढा फरक का पडला, हे आपण आपल्या मनाशी ताडून पाहावे.

या दोन तारखांच्या मध्ये आपले वऱ्हाड येते, आणि येथे आम्हांस थोडे थांबावयाचे आहे.

१३ नोव्हेंबर १९२७. अमरावतीचे इंद्रभुवन थिएटर. वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. डॉ. पंजाबराव देशमुख या प्रकरणात पुढे होते. पंजाबरावांना आपण कृषिमंत्री म्हणून, शिक्षणसंस्था काढणारे म्हणून ओळखतो. पण हा शेतकऱ्याचा मुलगा विलायतेस जाऊन वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर डॉक्टरेट घेऊन आला आणि परत येताच म्हणू लागला, की देवीचे दार सर्वांना उघडा. ज्याने वेद वाचले होते तो उघडा म्हणत होता, आणि ज्यांनी वाचले नव्हते ते त्याला वेदांचा आधार विचारत होते! असो.

परिषदेचे काम चालू असताना मुंबईहून तार आली. बाबासाहेबांचे थोरले बंधू बळराम वारले. वडील रामजी सुभेदार १९१३ मध्येच गेलेले, तेव्हा घरात मोठा माणूस म्हणावा असा तोच. बाबासाहेबांनी दुःख गिळले आणि अध्यक्षाच्या खुर्चीवरून ते उठले नाहीत. सत्याग्रह ताबडतोब करावा, की मंदिराच्या पंचांना आणि गावच्या पुढाऱ्यांना विचार करण्यास अवधी द्यावा, यावर चर्चा झाली, आणि सत्याग्रह तीन महिने पुढे ढकलावा असे ठरले. लोक तापलेले, देऊळ हाकेच्या अंतरावर, घरी भावाचे प्रेत, आणि हा माणूस समोरच्या पक्षाला तीन महिन्यांची मुदत देतो! बाबासाहेब भांडखोर होते, असे ज्यांना वाटते त्यांनी अमरावतीची ही परिषद अवश्य वाचावी. पंजाबराव मात्र थांबले नाहीत. १९२८ मध्ये ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे काम त्यांनी हाती घेतले.

आम्ही स्वतः तीन वर्षे अमरावतीला शिकावयास होतो. खोली अंबापेठेच्या बाजूला. अंबादेवीच्या रस्त्याने रोजचे जाणे-येणे. नवरात्रात ओळखीच्या मुलांबरोबर जत्रेतही हिंडलो, शेवचिवडा खाल्ला. त्या तीन वर्षांत एकाही प्राध्यापकाने, एकाही मित्राने, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या एकाही कार्यकर्त्याने आम्हांस सांगितले नाही, की बाबा रे, या गावात एक इंद्रभुवन थिएटर होते आणि तेथे बाबासाहेबांना भावाच्या मृत्यूची तार मिळाली. आम्हीही कोणाला विचारले नाही. इतिहासाच्या पेपरात आम्हांस बरे गुण होते, हे येथे लाजेने नमूद करतो.

आता कोणी विचारील, ही सगळी थिएटरे, हॉल, नाटकगृहेच कशी? आमचा तर्क असा. देवळाच्या ओट्यावर आपल्याला कोणी बसू देत नव्हते. धर्मशाळेत नाही, चावडीवर नाही, पाटलाच्या वाड्यात तर नाहीच. उरले काय? नाटकगृह. तो धंदा आहे. तेथे भाडे भरले की दार उघडते. दाराशी तिकीट फाडणाऱ्याला पैशाचा विटाळ नसतो. अर्थात तेथेही बसण्याच्या जागा वेगळ्या असत आणि अपमानही होत. तरी पण देवळापेक्षा नाटकाचा तंबू आपल्याला जवळचा होता. कारण ढोलकी आपली, डफ आपला, तमाशाच्या फडात नाचणारा आणि सोंग आणणारा आपलाच माणूस. पुढे आंबेडकरी जलशांनी खेडोपाडी जे काम केले, त्याचे बी येथेच आहे. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी ज्या गावात पुस्तक पोहोचले नव्हते, तेथे बाबासाहेब पोहोचविले.

आणि जोतिराव? जोतिराव स्वतः नाटककार होते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? विद्यार्थी मित्रांनो, हात वर करू नका, आम्ही विचारीत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत सीता स्वयंवराचा खेळ केला. त्यानंतर बाराच वर्षांनी, १८५५ मध्ये, अठ्ठावीस वर्षांच्या जोतिरावांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. त्यात राजा नाही, राक्षस नाही. एक गरोदर कुणबीण आहे, तिचा नवरा आहे, आणि त्यांना ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आहे. मध्येमध्ये विदूषक येऊन टोला मारून जातो. शेवटी ते नवराबायको ठरवितात, की जोतिरावांच्या रात्रीच्या शाळेत शिकावयास जायचे. पुराणातल्या गोष्टी सोडून घरातली गोष्ट रंगमंचावर आणू पाहणारे हे नाटक जोतिरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले. मग ते बासनात पडून राहिले. छापून बाहेर आले १९७९ मध्ये, 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकात. एकशे चोवीस वर्षे! मराठी रंगभूमीच्या इतिहासाची कितीतरी पुस्तके त्या नाटकाशिवाय लिहून झाली, आणि त्यांच्या परीक्षा देऊन आमच्यासारखे पदवीधरही झाले.

आता पुतळ्याकडे वळतो.

जोतिराव १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी, शहर शृंगारण्यासाठी एक हजार रुपये खर्चावे, असा ठराव आला. बत्तीस सभासदांत एकट्या जोतिरावांनी विरोधात मत दिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. ठराव अर्थातच मंजूर झाला. कमानी लागल्या असतील, पताका फडकल्या असतील, दुसऱ्या दिवशी उतरल्याही असतील.

त्याच नगरपालिकेत पंचेचाळीस वर्षांनी, १९२५ मध्ये, केशवराव जेधे सभासद म्हणून गेले आणि त्यांनी मागणी केली, की महात्मा जोतिराव फुले यांचा पुतळा पुण्यात उभारावा. आदल्याच वर्षी, १९२४ मध्ये, मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला होता. एकाचा झाला, दुसऱ्याचा का नको, हा साधा प्रश्न होता. पण पुण्यात साधे प्रश्न साधे राहत नाहीत. सभागृहात आणि वर्तमानपत्रांत जोतिरावांवर नाही नाही ती चिखलफेक झाली आणि मागणी फेटाळली गेली. जो माणूस याच नगरपालिकेत दिखाऊ खर्चाला एकटा नाही म्हणाला होता, त्यालाच तिने नाही म्हटले. दगड आणला नाही, मातीचा नमुना केला नाही, चौथरा बांधला नाही. पुतळा घडण्याआधीच हरला!

या अपमानाने चिडून दिनकरराव जवळकरांनी 'देशाचे दुश्मन' नावाची पुस्तिका लिहिली. भाषा जहाल, आजही वाचताना चटके बसावेत अशी. ती आम्हांस सगळीच पटते असे नाही, आणि मेलेल्या माणसांना शिवीगाळ करून आपला महापुरुष मोठा होतो असेही आम्ही मानीत नाही. परंतु आधी काय घडले, ते वगळून नुसती पुस्तिका हातात घेणे हाही न्याय नव्हे. पुस्तिकेबद्दल बदनामीचा खटला झाला. जवळकर, जेधे, केशवराव बागडे आणि मुद्रक लाड यांना शिक्षा झाल्या. अपिलात त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. समोर पुण्याचे नामांकित वकील ल. ब. भोपटकर. साल १९२६. बाबासाहेबांनी अपील जिंकले आणि आरोपी सुटले.

हे ध्यानात घ्या. महाडच्या आधी, अमरावतीच्या आधी, बाबासाहेब एका न झालेल्या पुतळ्याच्या भांडणात कोर्टात उभे राहिले आहेत. ज्यांची बाजू त्यांनी घेतली ते मराठा, ब्राह्मणेतर समाजाचे तरुण. पुढे बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानले आणि १९४६ मध्ये 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ जोतिरावांना अर्पण केला. त्या गुरुभक्तीची एक पायरी पुण्याच्या त्या कोर्टात आहे, असे आम्हांस वाटते.

पुण्यात जे जमले नाही ते कोल्हापूरने केले. ९ डिसेंबर १९५० रोजी बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर या दोघांचे पुतळे भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. त्याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधून पुरे केले, शेजारी कुस्तीचे खासबाग मैदान. मल्लालाही मान, नटालाही मान. १९५७ मध्ये त्या थिएटराला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. ते नाटकगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. दूरदर्शनवर आम्ही ती आग पाहिली. म्हातारे कलावंत रस्त्यावर उभे राहून लहान मुलासारखे रडत होते. आणि परळचे दामोदर नाट्यगृह? शंभरी ओलांडल्यावर २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झाले, आणि तेथे पूर्वीसारखेच नाट्यगृह व्हावे म्हणून कलावंतांना आंदोलन करावे लागले. बातम्यांत आम्ही नाटकांची, नटांची नावे वाचली. बहिष्कृत हितकारिणी सभेचे नाव क्वचितच दिसले. त्या वास्तूची आठवण ठेवण्याचे काम आपण तरी कोठे केले होते?

अशा वेळी आम्हांस वाटते, इमारत जळते, पाडली जाते. मग सभागृह सभागृह म्हणून आम्ही जो धोशा लावला आहे, त्यात काय अर्थ? पुतळा निदान चौकात राहतो.

हा प्रश्न आमच्या मनात ज्यांनी घातला, त्यांच्याविषयी सांगून आम्ही थांबतो. आमच्या वस्तीत एक वृद्ध उपासक आहेत. त्यांचे नाव घेत नाही, त्यांना ते आवडणार नाही. जन्मभर जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलल्या. श्रावणबाळ योजनेचे पैसे आमच्याच बँकेत येतात आणि ते अंगठा लावून उचलतात. चार महिन्यांपूर्वी ते पाच हजार रुपये घेऊन ओट्यावर आले. म्हणाले, "हे पुतयासाठी." आम्ही आमचे नेहमीचे व्याख्यान सुरू केले. जोतिरावांनी शाळा काढल्या, एक हजार रुपयांना विरोध केला, पुतळ्यापेक्षा अभ्यासिका बरी, मुले शिकतील, वगैरे. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाबू, तुह्या त्या अभ्यासिकेत मी जाऊन काय करू? मले वाचता येते काय? पुतया मले दिसते तरी."

आम्हांस उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही. ज्या माणसासाठी जोतिरावांनी रात्रीची शाळा काढली तो माणूस आमच्यासमोर बसला होता, आणि त्याला शाळा मिळालीच नव्हती. आम्ही त्याच्यासमोर शाळेचे गुण गात होतो!

गेल्या आठवड्यात त्यांना आम्ही 'तृतीय रत्न'ची गोष्ट सांगितली. कुणबीण, जोशी, विदूषक. विदूषकाच्या टोल्यांना ते मोकळेपणाने हसले. मग विचारले, "हे नाटक कधी होते आपल्या इथं?" आम्ही म्हणालो, रंगमंच कोठे आहे? ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "मंग तुह्या त्या हालात नाटक होईन काय? होत असन तर मी पुढं बसीन. मांगं नाही बसत." आणि जाताना दारातून वळून, "पण जोतिबाचा फोटू तरी मोठा लावजा."

त्यांचे पाच हजार रुपये त्याच दिवशी खात्यात जमा केले होते. पावती पुस्तकात 'कशाबद्दल' असा एक रकाना असतो. आमच्या नोकरीत कोरा रकाना ठेवणे हा गुन्हा आहे. तरी तो आम्ही कोरा ठेवला आहे. येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. पावती पुस्तक आम्ही बरोबर आणू. त्यांनाही सभेला आणण्याचे आम्ही कबूल केले आहे, आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवण्यास चिटणीसांना सांगितले आहे.